घरातल्या घरात कसला हिशेब?

दिवाळी अंकात, फराळाचे ताट बाजूला असताना, असला कडू विषय कशाला असे काही वाचकांना वाटेल. पण आमच्या सीमाभागात दिवाळीची सुट्टी आणि भाऊबंदकी यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. पुण्या-मुंबईचे भाऊ गावी येतात, बहिणी माहेरपणाला येतात, आई-वडील आनंदात असतात, आणि 'सगळे जमलोच आहोत तर तेवढ्या सह्या उरकून घेऊ' असे कोणीतरी म्हणतो. त्या 'तेवढ्या सह्यां'मध्ये एक कागद वटमुखत्यारपत्राचा असतो. पुढे दहा-पंधरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावतो तो हाच कागद.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. दोष कागदात नाही, कायद्यातही फारसा नाही. दोष आहे तो आपण अभिमानाने उच्चारतो त्या एका वाक्यात: 'घरातल्या घरात कसला हिशेब?' हे वाक्य प्रेमातून आलेले नाही. ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्या सोयीसाठी ते रूढ झाले आहे, आणि ज्यांचा पैसा आहे तेच ते सर्वांत मोठ्याने म्हणतात, ही आपली शोकांतिका.

मी वकील नव्हे; मराठी माध्यमाच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. पण मुख्याध्यापकाला गावातले घर फुटल्याचे वकिलाच्याही आधी कळते. शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख असते. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला गृहस्थ अचानक दाखल्याची नक्कल मागायला आला, की मी समजतो: वंशावळीचा वाद निघाला आहे. आठवड्याने त्याची बहीण येते, तिलाही तीच नक्कल हवी असते. ती खुर्चीवर बसत नाही, उभ्यानेच विचारते, 'आमचा दादा येऊन गेला काय हो?' पुढचे सांगावे लागत नाही.

मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. आपल्या वतीने अमुक काम करण्याचा अधिकार दुसऱ्याला लिहून देणे, एवढाच त्याचा अर्थ. १८८२ सालचा मुखत्यारपत्रांचा कायदा अगदी लहान आहे. मुखत्याराची खरी कर्तव्ये १८७२ च्या करार कायद्यात सांगितली आहेत. कागद उपयोगाचा आहे, यात शंका नाही. मुलगा परदेशात असेल, वडिलांचे गुडघे गेले असतील, बहीण इंदूरला किंवा बडोद्याला दिली असेल, तर प्रत्येक सहीसाठी त्यांनी सबरजिस्ट्रार कचेरीत येऊन बसावे असे कोण म्हणेल? सोय म्हणून निघालेली ही वाट आहे. पण सोयीचा कागद आणि सत्तेचा कागद यांत अंतर फार थोडे असते.

हे अंतर मराठी माणसाला नवे वाटू नये. आपल्या इतिहासात 'मुतालिक' हा शब्द आहे. या भागात तर ते आडनावही आहे. मुतालिक म्हणजे धन्याच्या वतीने कारभार पाहणारा आणि धन्याचा शिक्का वापरणारा. धनी दूर राहिला, अज्ञान असला किंवा आळशी निघाला, की शिक्का ज्याच्या हातात तोच धनी होऊन बसे. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर साताऱ्याचे छत्रपती नावाचे धनी राहिले आणि कारभार पुण्याला गेला, हे आम्ही नववी-दहावीच्या मुलांना शिकवतो. राज्याच्या बाबतीत त्याची बरी-वाईट कारणे देता येतील. पण घराघरांत आज तेच चालले आहे, आणि तिथे साताऱ्याच्या गादीवर आपली आई बसलेली असते.

एक प्रसंग सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली ऐंशीच्या घरातली म्हातारी. नाव-गाव सांगत नाही. नवरा गेलेला, दोन मुलगे, दोन मुली. श्रावणात रोज पोथीचा अध्याय स्वतः वाचणारी ही बाई अडाणी नव्हे. थोरल्या मुलाने 'सोसायटीच्या पीककर्जाचे काम आहे' म्हणून तिला तालुक्याला नेले. बाँड रायटरने कागद तयार ठेवला होता. कागद कन्नडात. तिने मराठीत सही केली. दोन वर्षांनी रस्त्याकडेची जमीन विकली गेल्याचे धाकट्या मुलीला उताऱ्यावरून कळले. विकणारा मुखत्यार थोरला मुलगा, आणि विकत घेणारी त्याची बायको! किंमत इतकी कमी, की ती वाचून दाखवताना मलाच संकोच वाटला. कारण तो कागद घेऊन मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या, आणि मी तो मराठीत सांगत होतो: विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, रक्कम घेऊन पावती देणे, कोर्टात तडजोड करणे. म्हातारी ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, 'मास्तर, एवढं सगळं मी दिलं काय हो?'

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण आपल्या साऱ्या सीमाभागाने या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून उतारे, नोटिसा, परिपत्रके मराठीतही मिळावीत म्हणून आपण झगडत आलो. ती मागणी रास्तच आहे. माणसाला आपल्या जमिनीचा कागद आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचता आला पाहिजे. पण मग काळ्या दिनाच्या फेरीत पुढे चालणारा गृहस्थ स्वतःच्या आईला तिला न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायला लावतो, त्याला काय म्हणावे? सरकारने मराठीत कागद दिला नाही, हे खरे. पण कागदात काय लिहिले आहे ते आईला मराठीत सांगायला मुलाला कोणत्या सरकारने मनाई केली होती? कानडी भाषेचा यात काडीचा दोष नाही. पलीकडच्या कानडी घरांत इंग्रजी कागदावर हेच घडते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. करार कायद्यानुसार मुखत्याराने मागितल्याबरोबर मूळ धन्याला चोख हिशेब दिला पाहिजे आणि त्याच्या वतीने आलेली रक्कम त्याच्या हवाली केली पाहिजे. धन्याला अंधारात ठेवून मुखत्याराने स्वतःशीच व्यवहार केला, तर धन्याला तो नाकारता येतो. शिवाय १८७२ च्याच पुरावा कायद्यात एक मोठे शहाणपणाचे कलम होते: जो दुसऱ्याच्या विश्वासाच्या जागी बसला आहे, त्यानेच व्यवहार सचोटीचा होता हे सिद्ध करावे. जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा अधिनियम आला. हे तत्त्व त्यातही कायम आहे.

म्हणजे कायदा हिशेबाचे ओझे कोणावर टाकतो? ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्यावर. आणि आपले घर ते ओझे कोणावर टाकते? विचारणाऱ्यावर! बहिणीने 'दादा, त्या जमिनीचे किती आले?' असे विचारले, की दादा गप्प राहतो आणि वहिनी बोलते, 'आमच्यावर विश्वास नाही वाटतं?' वडील म्हणतात, 'लग्नात एवढा खर्च केला तो विसरलीस?' आई डोळ्यांना पदर लावते. पाच मिनिटांत आरोपी बदलतो. ज्याने विकले तो साधा आणि जिने विचारले ती लोभी. 'विश्वास' या शब्दाची एवढी विटंबना दुसऱ्या कुठल्या ठिकाणी होत नसेल. विश्वास हिशेबाने वाढतो. जो हिशेब द्यायला कचरतो, तो विश्वासाला पात्र नसतो, एवढे साधे गणित पाचवीतल्या मुलालाही कळेल.

मुलींचा प्रश्न तर फारच नाजूक. १९९४ साली कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने सहदायाद मानले; पण कायद्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ती उणीव ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने काढली. उरलेली शंका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवली: मुलीचा हक्क जन्माने आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. कायद्याने बहिणीला दार उघडून दिले. मग भावांनी काय केले? उघडपणे हक्कसोडपत्र मागायला तोंड होईना, म्हणून 'सारखं यायला नको तुला, मुखत्यारपत्र देऊन ठेव' ही गोड भाषा आली. भाऊबिजेला बहीण ओवाळते, ताटात साडी पडते, आणि ताट आत गेल्यावर कागद बाहेर येतो. साडीची किंमत बहिणीला कळते. कागदाची कळायला दहा वर्षे लागतात.

या बाबतीत दुसरी बाजू आहे, आणि ती मांडली नाही तर मी अन्याय करीन. गावी राहिलेला भाऊ खरोखर राबलेला असतो. त्याने बांध घातले, घरपट्टी भरली, आईची आजारपणे काढली, कूळकायद्याच्या तारखांना तो हजर राहिला. पुण्याचा भाऊ गणपतीला येऊन आंबेमोहोराची पोती गाडीत टाकून गेला. आता जमिनीला भाव आला तेव्हा तोच 'समान वाटणी' म्हणत उभा राहतो. गावच्या भावाच्या मनात कडवटपणा येणे स्वाभाविक आहे. पण याचे उत्तर चोरटी विक्री हे नव्हे. राबणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. मुखत्याराला मोबदला ठरवून देता येतो, कायदा त्याच्या आड येत नाही. सर्वांसमक्ष बसा, 'दादाने पंधरा वर्षे सांभाळले, त्याचे इतके' असे कागदावर घाला आणि उरलेले वाटा. जे उजळ माथ्याने मागता येते ते अंधारात का घ्यावे? मात्र हिशेब न ठेवणाऱ्याला कष्टांचा मोबदलाही मागता येत नाही, हे गावच्या भावानेही ध्यानात घ्यावे. हिशेबाची वही त्याचाही बचाव करते.

न्यायालयांनी आपल्या परीने वाट दाखवली आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर, विक्रीकरारावर आणि मृत्युपत्रावर जमिनी 'विकण्याची' चाल बोकाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात स्पष्ट सांगितले, की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. त्याला रीतसर नोंदवलेले खरेदीखतच लागते. याच निकालात आणखी एक वाक्य आहे, त्याने मी अस्वस्थ होतो. प्रामाणिक मुखत्यारपत्रांना बाधा येऊ नये म्हणून न्यायालयाने उदाहरण दिले: माणूस आपल्या पती-पत्नीला, मुलाला, मुलीला, भावाला, बहिणीला मुखत्यार नेमू शकतो. न्यायालयाने विश्वासाची म्हणून ज्या नात्यांची नावे घेतली, नेमकी तीच नाती माझ्या कचेरीत नकला मागायला येतात.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. तिथला वारसा कायदा पोर्तुगीज काळापासून कुटुंबाला अधिक जपणारा. अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव ठेवावी लागते आणि नवरा-बायकोपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीखेरीज स्थावर विकता येत नाही. २०१२ च्या नव्या कायद्यानेही हा गाभा ठेवला. तरीही बनावट कागद आणि खोटी मुखत्यारपत्रे यांच्या आधारे जमिनी लुबाडल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. कायदा कितीही बळकट असो. मालक परगावी आणि घरचे गप्प असतील तर कुंपणच शेत खाते.

आता वाचकांनी पदरी बांधावे असे थोडे.

मूळ धनी वारला किंवा त्याची शुद्ध-बुद्धी गेली, की मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे संपते. काही अपवाद आहेत, ते वकिलाला विचारावेत. पण नियम हा आहे. 'आईला आता काही आठवत नाही, म्हणून तिच्या मुखत्यारपत्रावर मीच सगळे करतो' असे अनेक सज्जन निरागसपणे सांगतात. अहो, आईला आठवेनासे झाले त्या दिवशी तुमचा अधिकार संपला! आणि वडिलांच्या बाराव्याच्या आत त्यांच्या मुखत्यारपत्रावर खरेदीखत करणाऱ्याला तर निरागस म्हणण्याचीही सोय नाही.

दुसरे, मुखत्यारपत्र द्यायचेच तर एका कामापुरते द्या. कोणता गट नंबर, कोणते काम, किती मुदत, हे लिहा. कर उतरवणे, पीककर्ज, कोर्टाच्या तारखा एवढेच काम असेल तर विकणे, गहाण आणि बक्षीस हे तीन शब्द त्यात असता कामा नयेत. छापील मसुद्यात ते असतातच, खोडायला सांगा.

तिसरे, 'म्हाताऱ्यांना कचेरीत नेता येत नाही' ही सबब खोटी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात आजारी आणि अपंग माणसासाठी अधिकाऱ्याने घरी येण्याची सोय आहे. विक्रीच करायची असेल तर धन्याचीच सही घरी घ्या. मुखत्यार मध्ये कशाला?

चौथे, सही करण्यापूर्वी कागद सही करणाऱ्याच्या भाषेत मोठ्याने वाचा, आणि तो ऐकायला लाभ नसलेला एक तरी माणूस बसवा. मुली असतील तर त्यांना बोलवा. ज्या कागदाचे वाचन मुलींच्या कानावर घालायची भीती वाटते, तो कागद करूच नये.

पाचवे, दिलेले मुखत्यारपत्र रद्द करता येते. पण नुसते मनात रद्द करून भागत नाही. मुखत्याराला, बँकेला, सबरजिस्ट्रारला लेखी कळवावे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. कारण ज्या तिऱ्हाइताला रद्द झाल्याचे ठाऊक नाही, त्याच्याबाबतीत ते रद्द झाले असे धरले जात नाही. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत लिहून दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते. ती अट मात्र कागदावर असावी.

हे सारे सांगूनही मला ठाऊक आहे, की गाडी शेवटी अडते ती पंचांपाशी. गावातले प्रतिष्ठित, निवृत्त गुरुजी, नात्यातले थोरले काका हे सगळे मध्यस्थीला बसतात आणि एकच उपदेश करतात: 'जाऊ दे बाई, घराची अब्रू बाहेर काढू नको.' माझा या मंडळींवर खरा राग आहे. अब्रू विकणाऱ्याने घालवली की विचारणारीने? मध्यस्थाने पहिला प्रश्न 'हिशेब कुठे आहे?' हा विचारला पाहिजे. तो न विचारता केलेली तडजोड म्हणजे चोरीच्या मालाची वाटणी. आपल्या मुलांना आम्ही शाळेत प्रामाणिकपणाचे सुविचार फळ्यावर लिहून देतो. घरी मात्र ती पाहतात, की आत्याने हिशेब मागितला म्हणून दिवाळीला तिला बोलावणे गेले नाही. कोणता धडा मुलांच्या लक्षात राहील?

लक्ष्मीपूजनाला रविवार पेठेतला व्यापारी वही पुजतो. त्याचा भागीदार सख्खा भाऊ असला तरी वही असतेच, आणि ती उघडून दाखवली म्हणून कुणाचा अपमान होत नाही. तेच आपण घरी का करू नये? ज्याच्या हातात आई-वडिलांचा, भावा-बहिणींचा मुखत्यार आहे, त्याने पाडव्याच्या दिवशी, सगळे जमले असताना, न मागता वही पुढे ठेवावी: इतके आले, इतके गेले, इतके शिल्लक, ही पावती, हा उतारा. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि ज्या घरात ती वही पुढे येणार नाही, तिथल्या आईने, बहिणीने, धाकट्या भावाने ती मागावी. न लाजता, न रडता, सर्वांसमक्ष मागावी. कुणी म्हणालेच 'घरातल्या घरात कसला हिशेब?', तर त्याला शांतपणे सांगावे: हिशेब घरातल्यांनाच द्यायचा असतो, बाहेरच्यांना तो कोर्टात द्यावा लागतो.